नीवरण आणि निवारण

'निवारण' हा शब्द मराठी माणसाच्या नित्य परिचयाचा आहे. तक्रारनिवारण कक्ष असतो, शंकानिवारण होते, पीडानिवारणासाठी पूजा सांगितली जाते. पालीतील 'नीवरण' हा शब्द त्याचाच सख्खा भाऊ. दोघांचाही धातू एकच, 'वृ', म्हणजे झाकणे किंवा अडवणे. एका भावाने संकटाला अडवण्याचे काम पत्करले, दुसऱ्याने माणसालाच. बौद्ध ध्यानमार्गात चित्ताला झाकून टाकणाऱ्या पाच गोष्टींना नीवरण म्हणतात, आणि आमचा संगणक हा शब्द दर वेळी तांबड्या रेघेने अधोरेखित करून 'निवारण' असा सुधारून देऊ पाहतो. अडथळा आणि त्याचा परिहार यांत एवढेच अंतर असते तर किती बरे झाले असते! भावांची ही उपमा आम्हांस का सुचावी, याचा उलगडा पुढे होईलच.

कामच्छंद, व्यापाद, स्त्यानमिद्ध, औद्धत्य-कौकृत्य आणि विचिकित्सा अशी ही पाच नावे. घरच्या मराठीत सांगायचे तर हाव, दुसऱ्याचे वाईट व्हावे ही इच्छा, सुस्ती व पेंग, चुळबुळ व रुखरुख, आणि धड हे नाही धड ते नाही अशी दोलायमान अवस्था. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देऊ पाहणाऱ्यास ही पाचही मंडळी पहिल्या अर्ध्या तासात भेटून जातात. सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) यांनी विपश्यनेचे पहिले शिबिर भारतात १९६९ साली मुंबईस घेतले आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवरून ही साधना महाराष्ट्रात घरोघर पोचली. त्यांच्या दहा दिवसांच्या शिबिरात सायंकाळच्या प्रवचनातून या पाचांची ओळख 'शत्रू' म्हणून करून दिली जाते. आम्हीही असे एक शिबिर केले आहे. पहाटे चारची घंटा, मौन, पहिले तीन दिवस केवळ श्वास, चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना. या साऱ्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण 'शत्रू' या शब्दाशी आमचे जमत नाही. शत्रू म्हटला की माणूस लढायला उठतो, आणि ध्यानात उठायचे तर नसते.

जुन्या सुत्तांत याहून शांत अशी एक प्रतिमा आहे, ती पाण्याची. अंगुत्तर निकायात संगारव नावाच्या एका ब्राह्मणाची कथा येते. त्याची अडचण मोक्षाची नाही, मोठी व्यावहारिक आहे. वर्षानुवर्षे घोकलेले मंत्र कधी कधी ऐन वेळी आठवत नाहीत, आणि कधी न घोकलेलेही झरझर ओठांवर येतात, हे का, असे तो बुद्धाला विचारतो. पाठांतरावर ज्याचे पोट आणि प्रतिष्ठा दोन्ही अवलंबून आहेत त्याचा हा प्रश्न आहे. बुद्ध त्याला पाण्याच्या भांड्यात तोंड पाहायला सांगतो. पाण्यात लाख, हळद, नीळ, मंजिष्ठ कालवलेली असेल तर चेहरा दिसणार नाही, ती हाव. पाणी चुलीवर खदखदत असेल तर दिसणार नाही, तो व्यापाद. वर शेवाळ साचले असेल तर ती सुस्ती, वाऱ्याने लाटा उठत असतील तर ती चुळबुळ, आणि गढूळ पाणी अंधारात ठेवले असेल तर ती विचिकित्सा. अशा वेळी माणसाला स्वतःचे हित कळत नाही, दुसऱ्याचे कळत नाही, दोघांचे मिळून जे हित तेही कळत नाही, आणि पाठ केलेले आठवत नाही.

या उत्तरात पाप, दंड, लाज यांचा मागमूस नाही. नीवरणाचा तोटा एकच सांगितला आहे, तो म्हणजे दिसत नाही. ज्या शब्दाचे आज 'सजगता' असे भाषांतर होते तो पाली शब्द 'सति', आणि तो आपल्या 'स्मृती'चाच अपभ्रंश. (मराठी वाचकाला 'सति' म्हटल्यावर भलतेच काही आठवते, त्याला इलाज नाही.) आठवणे आणि भानावर असणे यांना एकच शब्द असावा, हे संगारवाच्या गोष्टीवरून सहज पटते. अमेरिकेत १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी ताण आणि दुखणी यांवरचा उपाय म्हणून सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला. तो फिरत फिरत आमच्या डोंगरापलीकडच्या हिंजवडीतही आला. तेथे वापरला जाणारा शब्द बहुधा 'ताणमुक्ती' असतो. संगारवाला ताण नव्हता. त्याला आठवत नव्हते.

आता आमच्या गावाकडे वळतो. पुण्याहून पौडकडे निघाले की चांदणी चौक, बावधन, भूगाव आणि मग भुकूम. त्यापुढे पिरंगुटचा घाट. गावाच्या अंगाला खाटपेवाडीच्या डोंगरात रामनदी उगम पावते, आणि भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर ओलांडून मुळेला मिळते. पुण्यात पोचेपर्यंत तिचे काय होते ते पाषाणकरांना ठाऊक आहे. आमच्याकडे मात्र पावसाळ्याच्या अखेरीस ती अजून नदीसारखी दिसते. संगारवाला सांगितलेली पाचही पाणी आम्ही गावच्या गावात पाहिलेली आहेत. रंगपंचमीची बादली, अंघोळीच्या पाण्याचे पातेले, दिवाळीनंतर विहिरीवर धरणारे शेवाळ, आषाढाच्या वाऱ्यात भूगावच्या मानस तलावावर उठणाऱ्या लाटा, आणि मृगाच्या पहिल्या सरीने ओढ्याला येणारे गढूळ पाणी. बुद्धाचा श्रोता शेतकऱ्यांच्या मुलखातला होता, हे अशा ठिकाणी लक्षात येते. ही सुत्ते पुस्तकाच्या कपाटापेक्षा विहिरीच्या काठावर अधिक समजतात असे आमचे मत झाले आहे, आणि तेही विहिरीच्या निमित्तानेच.

आमच्या वडिलार्जित जमिनीत एक सामाईक विहीर आहे. वडिलांनी, म्हणजे आबांनी, हयातीतच दोघा भावांना हिस्से वाटून दिले. विहीर थोरल्या बंधूंच्या, अण्णांच्या, वाट्यात गेली आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत आमचा निम्मा हिस्सा व विहिरीपर्यंतची वहिवाट नोंदली गेली. एक दिवसाआड पाण्याची पाळी. वीस वर्षे हे बिनबोभाट चालले. पौड रस्त्याच्या कडेला जमिनीचे भाव कसे चढले, आणि त्या पैशाने घराघरांतून काय काय केले, हे २०१८च्या 'मुळशी पॅटर्न' या चित्रपटाने सगळ्या महाराष्ट्राला दाखवले आहे, तेव्हा त्याची पुनरुक्ती करीत नाही. आबा गेल्यानंतर तिसऱ्या वर्षी अण्णांनी आपला वाटा एका इमारत व्यावसायिकास विकला. चार महिन्यांत तेथे सिमेंटची भिंत उभी राहिली. विहीर भिंतीच्या आत, आणि आम्ही बाहेर.

अण्णांना विचारले तर म्हणाले, "बाळ, कागदावर तुझा हक्क आहे ना? मग घे की त्यांच्याकडून." आम्ही म्हटले, "अण्णा, कागदावरून पाणी शेंदता येत नाही." ते उठून आत गेले.

त्या वर्षीच्या आबांच्या पुण्यतिथीला संध्याकाळी घरात हरिपाठ व्हायचा होता. आबा माळकरी, साठ वर्षे त्यांनी तो रोज तिन्हीसांजेला म्हटला, आणि त्यांच्या मांडीवर बसून तो आम्हांस शाळेच्या पाढ्यांच्या आधी पाठ झाला. पुढे मास्तरकी केली, विद्यार्थ्यांकडून शेकडो कविता पाठ करून घेतल्या, पण हरिपाठ कधी आठवावा लागला नव्हता, तो आपोआप येई. त्या संध्याकाळी समोरच्या पाटावर अण्णा बसले होते. टाळ वाजू लागले, दोन अभंग झाले, आणि तिसऱ्याचा पहिला शब्द आलाच नाही. जिभेवर नाही, मनात नाही, कुठेच नाही. तेथे फक्त भिंत होती, तिची उंची, तिच्यावर खर्च झालेल्या विटांचा हिशेब, आणि अण्णांच्या मनगटावरचे नवे घड्याळ. आक्काने पुढचा अभंग उचलला आणि पाठ पार पडला. कुणाच्या फारसे लक्षात आले नाही. आमच्या मात्र पोटात खड्डा पडला, कारण भिंतीने पाणी नेले ते समजण्यासारखे होते. तिने आबांचा हरिपाठही नेला हे समजण्यासारखे नव्हते.

ही हकीकत आम्ही एका स्नेह्यांस सांगितली. ते देहूरोडच्या डेपोतून निवृत्त झालेले. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, तेव्हा त्यांचे वडील त्या गर्दीत होते, आणि ते स्वतः बुद्धवंदना ऐकतच लहानाचे मोठे झाले. त्यांनी आमचे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "गुरुजी, तुमचा संगारव झाला." मग त्यांनी धर्मानंद कोसंबी यांचे 'समाधिमार्ग' वाचायला दिले.

कोसंबींचे (१८७६–१९४७) नाव मराठीत आदराने घेतले जाते, पण वाचले कमी जाते. गोव्यातील सांखवाळचा हा मुलगा. घरच्या विवंचनांनी आणि मनाच्या उदासीने ग्रासलेला असताना 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकातील एका लेखातून त्याला बुद्ध भेटला. १८९९च्या अखेरीस पत्नी व तान्ही मुलगी यांस मागे ठेवून तो संस्कृत शिकायला बाहेर पडला. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया असे करीत श्रीलंकेला पोचला, तेथे श्रामणेर झाला, ब्रह्मदेशात त्याने ध्यानाचा अभ्यास केला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महाराष्ट्रात राहून लेखन करावे म्हणून महिना पन्नास रुपये देऊ केले आणि ते त्यांनी स्वीकारले. या एका निर्णयाने मराठीत बौद्ध वाङ्मयाची वाट उघडली. १९१२ ते १९१८ ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवत. 'निवेदन' हे त्यांचे आत्मकथन १९२४चे, 'समाधिमार्ग' १९२५चे. बुद्धघोषाचा 'विसुद्धिमग्ग' त्यांनी वर्षानुवर्षे खपून संपादित केला. म्हणजे ध्यानाच्या आड काय येते आणि त्याचे काय करावे, हे सजगतेच्या जागतिक लाटेच्या अर्धशतक आधी मराठी वाचकाला त्याच्याच भाषेत उपलब्ध होते. आपण ते वाचले नाही ही गोष्ट निराळी. कोसंबींची भाषा कोरडी आहे, आणि या विषयाला तीच शोभते. त्यांनी घर सोडले त्याचा निवाडा करण्याचा हक्क आम्हांस नाही. पण ज्याच्या मनाला उदासीचा अनुभव होता अशा माणसाने चित्ताच्या आवरणांवर लिहिले आहे, एवढे जाणवत राहते.

सतिपट्ठान सुत्तात नीवरणांविषयी साधकाला पाच गोष्टी जाणायला सांगितल्या आहेत. राग आहे तर आहे हे जाणावे. नाही तर नाही हे जाणावे. नसलेला कसा उत्पन्न होतो, उत्पन्न झालेला कसा जातो, आणि गेलेला पुन्हा कशाने येणार नाही, हे जाणावे. यात 'राग काढून टाकावा' ही आज्ञा नाही. तलाठ्याने पीकपाहणीला यावे आणि शेतात जे उभे आहे तेच लिहावे, तसे हे काम. जोंधळा असेल तर जोंधळा, पड असेल तर पड. आम्ही ते करू लागलो. पहाटे साडेचारला, आक्काने दिलेल्या घोंगडीवर. पहिल्या गोष्टीला काही आठवडे गेले, कारण 'राग आहे' असे म्हणताच मन लगेच 'का असू नये?' अशी फिर्याद सुरू करी, आणि फिर्याद म्हणजे राग पाहणे नव्हे, तो रागाचाच आवाज. दुसरी गोष्ट अनपेक्षित निघाली. राग नाही असेही क्षण होते. भरपूर होते. रोज पहाटे एक कोतवाल पक्षी बोलतो, तो बोलत असताना राग नसे. चोवीस तास आपण संतापलेले आहोत अशी आमची जी समजूत होती, ती पाहणीत टिकली नाही.

तिसरी गोष्ट, कसा उत्पन्न होतो. येथे आम्हांस फार मजेशीर माहिती मिळाली. राग भिंत पाहून येत नसे. भिंत तर रोजचीच. तो येई गडगड्याचा आवाज आठवला की. आबांच्या वेळचा लोखंडी गडगडा, मोटार बसल्यावरही त्यांनी काढू दिला नव्हता. म्हणजे रागाच्या पुढे नेहमी काहीतरी चालत असे, आणि ते राग नसून दुःख होते. उकळणारे पाणी खाली ठेवले तेव्हा त्यात पहिल्यांदा जो चेहरा दिसला तो पाणी गेलेल्या शेतकऱ्याचा नव्हता, वडील गेलेल्या मुलाचा होता.

सुस्तीबद्दल लिहिताना पाली ग्रंथकार एकदम प्रसन्न होतात. महामोग्गल्लानासारखा अग्रशिष्य ध्यानाला बसून डुलक्या घेतो आहे, आणि बुद्ध त्याला एकेक उपाय सांगतो: शिकलेले आठवून पाहा, पाठ म्हण, कान ओढ, अंग चोळ, तोंडावर पाणी मार, दिशांकडे आणि ताऱ्यांकडे पाहा, मनात उजेड आण, येरझाऱ्या घाल, आणि एवढ्यानेही भागले नाही तर सरळ उजव्या कुशीवर झोप. वर्गात डुलक्या घेणाऱ्या मुलांवर आम्ही पस्तीस वर्षे जे प्रयोग केले त्यांतले निम्मे येथे आधीच नोंदलेले पाहून बरे वाटले. भजनाच्या जागरात पहाटे तीनला विणेकरी उभा राहतो तोही याच कारणाने. शेवटचा उपाय, झोपण्याचा, आम्हांस विशेष पटतो.

हाव, चुळबुळ आणि शंका यांच्याबद्दल येथे लिहीत नाही. ती आमच्याकडेही आहेतच. दीघ निकायातल्या एका सुत्तात मात्र कामच्छंदातून सुटलेल्या माणसाला कर्ज फिटलेल्या माणसाची उपमा दिली आहे, तेवढी सांगतो. सातबाऱ्यावरचा सोसायटीचा बोजा उतरल्याचा फेरफार हातात पडला की माणूस कसा चालतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला या उपमेवर भाष्य नको.

व्यापादावर उपाय मैत्रीभावनेचा. 'विसुद्धिमग्गा'त तिचा क्रम दिला आहे. आधी स्वतः, मग प्रिय व्यक्ती, मग तटस्थ, आणि शेवटी वैरी. वैऱ्यापाशी गाडी अडते हे बुद्धघोषाला पक्के ठाऊक आहे, म्हणून तो तेथे उपायांची रांगच लावतो. त्यातला एक असा की तू नेमका कशावर रागावला आहेस ते सांग: त्याच्या केसांवर? नखांवर? दातांवर? त्याच्यातल्या पृथ्वीवर की पाण्यावर? आम्ही हा प्रयोग अण्णांवर केला. केस तर राहिलेच नाहीत. नखांवर, दातांवर राग धरता येईना. घड्याळावर मात्र धरता आला. हे लिहिताना हसू येते, पण त्या पहाटे आले नव्हते. घड्याळ बुद्धघोषाच्या यादीत नाही.

त्याच प्रकरणात एक शब्द आहे, 'सीमासंभेद'. आपण, आपला प्रिय, तटस्थ आणि वैरी असे चौघे एके ठिकाणी बसले आहेत. दरोडेखोर येतात आणि बळी द्यायला एक माणूस मागतात. साधकाने 'याला न्या' म्हटले तर सीमा तुटली नाही, आणि 'मला न्या' म्हटले तरीही तुटली नाही. चौघांतला एकही द्यावासा वाटत नाही तेव्हा सीमा मोडली. परोपकाराच्या आपल्या कल्पनेला हे जरा धक्का देणारे आहे. आम्हांस 'सीमा' या शब्दाने धरले. आमच्याकडे भाऊबंदकी सुरू होते ती बांधावरून. वीतभर बांध कोरला म्हणून पिढ्यांचे बोलणे बंद झालेले आम्ही पाहिले आहे. बांध न हलवता सीमा मोडायची, हे कसे?

हाच प्रश्न आमच्या स्नेह्यांनी उलट्या टोकाने विचारला. आम्ही मोठ्या समाधानाने त्यांस सांगत होतो की हल्ली राग बराच निवला आहे, आणि विहिरीचे सोडून द्यावे असेही कधी कधी वाटते. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, महाडला चवदार तळ्यावर लोक गेले. तेही ध्यानाला बसून घरीच राहिले असते, तर आमच्या तोंडात पाणी पडले असते का?"

या प्रश्नाला बगल देता येत नाही. बाबासाहेबांनीच 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात विचारले आहे की बुद्धाने भिक्षू निर्माण केला तो परिपूर्ण माणूस म्हणून की समाजाचा सेवक म्हणून. आणि केवळ स्वतःपुरता परिपूर्ण असा भिक्षू त्यांना पुरेसा वाटत नव्हता. ध्यानाने आलेली शांती ही अन्यायाच्या सोयीची असू शकते, हा आक्षेप महाराष्ट्रातल्या बौद्धांत विपश्यनेविरुद्ध आजही घेतला जातो, आणि तो घेणाऱ्यांनी शांतीची किंमत मोजलेली असते. आमची तर एक विहीर. त्यांच्या आजोबांना गावच्या कोणत्याच विहिरीला शिवता येत नव्हते. तेव्हा आम्ही उत्तर देण्याच्या भानगडीत न पडता महाडचा इतिहास पुन्हा काढून वाचला.

२० मार्च १९२७ला तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर परिषदेच्या लोकांवर गावात हल्ला झाला. बाबासाहेबांच्या बाजूला संतापलेले तरुण होते, त्यांत सैन्यातून आलेले होते, आणि संख्याही कमी नव्हती. त्यांनी लोकांना प्रतिहल्ल्यापासून आवरले. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. डिसेंबरमध्ये पुन्हा महाडला परिषद भरवली, आणि तळ्याचा दावा १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाजूने लागेपर्यंत, दहा वर्षे, चालू ठेवला. त्यांच्या मनात त्या दिवशी काय होते हे सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण हात उगारला नाही आणि हक्कही सोडला नाही, हे दोन्ही एकाच माणसाने केले, एवढे कागदोपत्री आहे. व्यापाद म्हणजे दुसऱ्याचे वाईट व्हावे ही इच्छा. तळ्यावर माझा हक्क आहे, ही जाणीव व्यापाद नाही. ती तर स्वतःचे हित दिसणे झाले, आणि संगारवाला दिलेल्या उत्तरात ते दिसणेच तर अपेक्षित होते. दुसऱ्याचे हित आणि दोघांचे हित त्याच्या मागोमाग येते. 'सोडून द्यावे' असे जे आम्हांस वाटू लागले होते ते स्वच्छ पाणी नसून शेवाळ असावे, अशी शंका आम्ही स्नेह्यांपाशी बोलून दाखवली. ते म्हणाले, "बघा. बसा आणि बघा."

जाता जाता एक आठवण. लोणावळ्याजवळ भाजे येथील लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची. तेथे एका पाण्याच्या टाक्यावर ब्राह्मी लेख आहे. कोसिकीपुत्र विण्हुदत्त नावाच्या महारठीने ते टाके भिक्षूंना दान दिले. लेखातला शब्द 'पोढी'. डोंगरात चित्त शांत करायला बसलेल्यांनाही पाणी लागत होते, आणि ते कुणीतरी दिले होते, आणि दिल्याचे दगडावर कोरून ठेवले होते, म्हणजे पुढे कुणी भिंत घालू नये.

तर आम्ही अर्ज केला. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ या जुन्या कायद्याच्या ५व्या कलमाखाली शेतीसाठी विहिरीचे पाणी घेण्यास किंवा वहिवाटीस कुणी अडथळा केला तर तो दूर करण्याचा अधिकार तहसीलदारास आहे. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावे लागते. आमचे सहा महिने संपायला अकरा दिवस उरले होते. वकिलांनी तयार केलेल्या मसुद्यात अण्णांविषयी 'लबाडीने व दुष्ट हेतूने' असे शब्द होते. तो कागद आम्ही घरी आणला, दोन पहाटे त्याच्यासमोर बसलो, आणि ते शब्द काढायला लावले. वकील म्हणाले, "गुरुजी, याने केस ढिली पडते." आम्ही म्हटले, "हक्क नोंदीत आहे. हेतू नोंदीत नाही." अण्णांचे हित आम्हांस त्या दोन दिवसांत किंचित दिसले होते. त्यांच्या धाकट्याचे कर्ज, दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन, आणि गावात आता कुणाकडे जाऊन बसावे हे न उमगणे. ते आम्ही आधी पाहिले नव्हते असे नाही. पण पाणी उकळत होते.

मैत्रीने काहीच साधले नाही तर वैऱ्याला काहीतरी द्यावे किंवा त्याच्याकडून घ्यावे, हा 'विसुद्धिमग्गा'तला शेवटचा उपाय. या दिवाळीत आमच्या वाट्याच्या खाचरात पावसावरचा आंबेमोहोर बरा झाला. त्यातला वीस किलोचा कट्टा घेऊन आम्ही अण्णांकडे गेलो. वहिनींनी तो उघडून वास घेतला आणि डोळ्यांना पदर लावला. अण्णा खुर्चीतून उठले नाहीत. नोटीस त्यांनाही आलेली होती, ती टीपॉयवर चष्म्याच्या घराखाली होती.

"भात आपल्या खालच्या खाचरातला का?" त्यांनी विचारले.

"होय."

"विहिरीजवळच्या वाफ्यात नाही लावला यंदा?"

"पाणी कुठे होते, अण्णा?"

ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "मोजणी कधी आहे म्हणालास?"

"पुढच्या सोमवारी. मोजणीदार दहाला येणार आहेत."

"मला न्यायला ये. आबांनी खुणेचा दगड कुठे पुरला होता, ते तुला सापडायचे नाही."